फिरकीचा प्रश्न

इचलकरंजीत गाण्याचा अर्थ लावून देण्याचं काम फुकट होतं, आणि रात्रपाळी सुटल्यावर जरा जास्त चांगलं होतं. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून गाव कापड विणतंय आणि विणलेलं कापड उजेडाकडं धरून, उलटं करून, कुठं धागा सुटलाय का ते बघतंय. अशा गावात गाणं तरी सुलट्या बाजूनं कोण ऐकणार?

मागाच्या शेडमध्ये गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. खरं आहे, तिथं शेजारच्या मागावरच्या माणसाला हाक मारायची तर हातवारे करावे लागतात. पण त्यामुळंच मागवाल्याला अर्धी ओळ पुरते. उरलेली अर्धी तो पदरची घालतो. चावट गाण्याला असाच श्रोता लागतो. कवीनं अर्धं बोलून नामानिराळं व्हायचं आणि राहिलेल्या अर्ध्याचं पाप ऐकणाऱ्यानं डोक्यावर घ्यायचं, असा तो व्यवहार आहे.

या व्यवहारात अर्थ कळण्याला काडीची किंमत नाही. तो आठवीतल्या पोरालाही कळतो, किंबहुना त्यालाच सगळ्यात आधी कळतो. कळल्यानंतर तोंड कसं ठेवायचं, ही विद्या मात्र यायला केस पिकावे लागतात. आमच्याकडं ती अंगात मुरलेली माणसं गल्लोगल्ली आहेत.

मलाबादे चौकाच्या अलीकडं चहाचा एक गाडा आहे. सकाळी तिथं रात्रपाळीचे डोळे तांबारलेले लोक आणि फिरायला निघालेले ताजेतवाने लोक एकाच बाकड्यावर बसतात. एका सकाळी गाडेवाल्याच्या मोबाईलवर ‘सांगत्ये ऐका’मधली ती बुगडी हरवल्याची लावणी लागली. 1959 सालचा अनंत माने यांचा चित्रपट, पुण्यात विजयानंदला 131 आठवडे ठाण मांडून बसलेला. गदिमांचे शब्द, वसंत पवारांचं संगीत, आशाबाईंचा आवाज, पडद्यावर जयश्री गडकर. मजकूर म्हणाल तर दोन वाक्यांचा: साताऱ्याला जाताना बाईची बुगडी पडली, आणि घरच्या म्हाताऱ्याच्या कानावर हे कुणी घालू नये. तेव्हापासून अख्खा महाराष्ट्र ती बुगडी शोधतोय.

मराठीच्या निवृत्त गुरुजींनी बशीत फुंकर मारत विषयाला तोंड फोडलं. “मला एक कळत नाही. हा म्हातारा कोण? बाप की नवरा?”

“बाप,” सायझिंगवाले शेठ ताबडतोब म्हणाले. त्यांना दोन मुली आहेत.

“नवरा,” आण्णा म्हणाले. आण्णा जॉबर आहेत. बिघडलेल्या मागाजवळ नुसते उभे राहून आवाजावरून दुखणं सांगतात. “बापाला बुगडीचं काय पडलंय? ज्येनं पैसं घातलं, त्येचं प्वाट दुखणार.”

“पैसे बापानंच घातले असतील की, लग्नात.”

“मग वरात निघाल्यावर बापाचा हक्क संपला, शेठ. फुडची जोखीम सासरची.”

बाकड्याच्या टोकाला हुपरीचे मामा बसले होते. हुपरी इथून हाकेच्या अंतरावर. सगळं गाव चांदीचं काम करतं आणि मामांचा जन्म पैंजणांना घुंगरं लावण्यात गेला. ते इतका वेळ गप्प होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि सोन्याच्या दुकानात बिल मागताना माणसं करतात तसा आवाज बारीक केला.

“बुगडी सांडंल कशी, ते सांगा आदी.”

“म्हणजे?”

“बुगडी कुठं घालत्यात? कानाच्या वरच्या अंगाला. मागनं फिरकी. फिरकीला आटं. डूल पडतंय, झुबा पडतोय, आकडा सरळ झाला की कायबी पडतंय. आटं आसलेली चीज आपसूक पडत न्हाई. चार आटं आसतील तर चार येळा कुणीतरी फिरवाय पायजे. उलटं.”

गाड्यावर कुणी काही बोललं नाही. गाडेवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

“एसटीच्या धक्क्यानं ढिली झाली असेल,” शेठ म्हणाले. मुलींच्या बापाला आशा सोडून चालत नाही.

“धक्क्यानं फिरकी निघाय सातारा पुरत न्हाई शेठ. दिल्ली गाठाय लागंल.”

गुरुजींना आता परीक्षक व्हावंसं वाटू लागलं. त्यांनी कडव्याकडं लक्ष वेधलं. गाण्यात पुढं एक तरुण येतो. टक लावून बघतो, खुणा करतो. पण तो राहतो कुठं? शेजारी. “तरुण जर शेजारी राहतो,” गुरुजी म्हणाले, “तर बुगडी साताऱ्याच्या वाटेवर का पडावी? कवीनं सातारा कशासाठी आणला? गदिमा उगाच शब्द खर्चणारे नव्हेत.”

“यमकाला,” शेठ.

“गुरुजी,” आण्णा म्हणाले, “साताऱ्याला कोण गेलंच न्हाई.”

“काय?”

“घरात इचारलं, बुगडी कुठाय? हिनं सांगितलं, साताऱ्याला जाताना पडली. मिटला इषय. आता साताऱ्याचा रस्ता झाडून बघाय कोण जातंय?”

हुपरीच्या मामांनी पाठीवर थाप मारावी तशी मांडीवर थाप मारली. गुरुजी मात्र उभे राहिले. त्यांच्या तोंडावर, तीस वर्षं वर्गात वाट बघितलेलं उत्तर अखेर चहाच्या गाड्यावर मिळाल्यासारखं काहीतरी होतं.

“आण्णा, हा आनंदवर्धन आहे!”

“कोण? शिरोळचा?”

“काश्मीरचा. नवव्या शतकातला.”

गुरुजींनी मग दुसरा चहा मागवला आणि ‘ध्वन्यालोक’ सांगितला. कवितेचा प्राण शब्दाच्या सरळ अर्थात नसतो, त्यातून जे ध्वनित होतं त्यात असतो, असं हा काश्मिरी पंडित म्हणाला. आणि हे पटवून द्यायला त्यानं उदाहरण उचललं ते आपल्या गोदावरीकाठचं. सातवाहन राजा हाल यानं जमवलेली ‘गाथासप्तशती’, सातशे गाथा, भाषा माहाराष्ट्री प्राकृत. त्यातली एक बाई रोज नदीकाठच्या झाडीत येणाऱ्या एका भाविक गृहस्थाला सांगते, महाराज, आता खुशाल फिरा. तुमच्या अंगावर येणारं ते कुत्रं मेलं. त्या झाडीत सिंह राहायला आलाय ना, त्यानंच मारलं. बिचारी किती काळजी करते! आणि बिचारी रोज संध्याकाळी त्याच झाडीत कुणाला भेटते, हे त्या भाविकाला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक. तोंडानं ‘या’ म्हणायचं आणि माणूस पुन्हा त्या बाजूला फिरकू नये अशी व्यवस्था करायची. ही एक.

दुसरी हिच्यावर ताण. घरी रात्रीपुरता वाटसरू उतरलाय. सासू समोर आहे. सूनबाई दिवसाउजेडी त्याला घर दाखवते: इथं सासूबाई झोपतात, इथं मी झोपते, तुम्हाला रात्रीचं दिसत नाही म्हणता, तर आत्ताच नीट बघून ठेवा, अंधारात चुकून आमच्या अंथरुणावर याल. सासू म्हणाली असेल, सून किती जपते पाहुण्याला.

आण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्यो सिंह खरंच हुता?”

“असं कसं सांगणार? नसावा.”

“म्हंजे सिंह म्हंजे सातारा.”

हे वाक्य कुठल्याही विद्यापीठानं साहित्यशास्त्राच्या पेपरात स्पष्टीकरणासाठी घालावं इतकं चोख आहे. पण घालणार नाहीत, कारण ते इचलकरंजीत चहा पिताना उच्चारलं गेलं.

गुरुजींनी जाता जाता एक कबुली दिली. या गाथा त्यांनी कॉलेजात बरीच वर्षं शिकवल्या, पण एकाही पालकाची तक्रार आली नाही. त्याच वर्षांत त्याच पालकांनी गणपतीत लागलेल्या मराठी गाण्यांबद्दल नगरपालिकेला निवेदनं दिली होती. चावटपणा प्राकृतात असला की संस्कृती, मराठीत असला की फाजीलपणा आणि शेजारच्या राज्यातल्या भाषेत असला की विकृती. अंतर वाढलं की प्रतिष्ठा वाढते, फक्त ते अंतर काळाचं हवं, रेल्वेचं चालत नाही.

याच्याही पुढचा प्रकार आमच्याच गावच्या नावानं नोंदलेला आहे. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) हे मोठं नाव. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवली ती बुवांनी, आणि पुढं या गावच्या घोरपडे जहागीरदारांच्या आश्रयानं गावाचं नाव संगीताच्या इतिहासात गेलं. आता ख्यालाच्या बंदिशी कशावर असतात? एकदा शब्द नीट ऐका. सासू जागी आहे, नणंद जागी आहे, पायातले पैंजण वाजतायत, पिया तिकडं खोळंबलाय आणि रात्र सरत आली. म्हणजे लावणीतलीच बाई, लावणीतलंच घर, लावणीतलीच अडचण. पण लावणीवाली एकेक शब्द चघळून, भुवई उडवून, पुढच्या रांगेतल्या पाटलाच्या पदरात टाकते. ख्यालात गवई ‘सासू’च्या पहिल्या अक्षरावर आ लावतात आणि वीस मिनिटं तिथून हलत नाहीत. नणंद येईपर्यंत अर्ध्या श्रोत्यांची शेवटची एसटी जाते. पैंजणांचं पुढं काय झालं ते आजवर कुणालाच कळलेलं नाही. समेवर मात्र सगळे मिळून ‘वा!’ करतात, आणि त्या ‘वा’मध्ये सासवाही असतात.

बुवांकडं मिरजेत शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर हे या बाबतीत अडचणीचे शिष्य निघाले. त्यांनी शब्द ऐकले. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून घरंदाज मुलामुलींना गाणं शिकवायचं म्हटल्यावर त्यांनी बंदिशींतला शृंगार काढून तिथं भक्ती बसवली. काम मोठं आणि हेतू शुद्ध. पण भक्तीतही कुणीतरी रात्री यमुनेकाठी निघालेलंच असतं, वाट बघणारा निळा असतो एवढंच. दुसरा अर्थ दारातून घालवला तर खिडकीतून येतो आणि येताना टाळ घेऊन येतो.

दादा कोंडक्यांना हे बरोबर कळलं होतं. 1932 साली, गोकुळाष्टमीला जन्म, म्हणून नाव कृष्णा. मुंबईतल्या गिरणी कामगाराचं घर, म्हणजे सूत आणि मागाशी आमच्याइतकंच जवळचं नातं. त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले, त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्या पंचवीस-पंचवीस आठवड्यांत इचलकरंजीच्या पगाराचा वाटा किती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण तो लहान नसणार.

दादांच्या चित्रपटांची पहिली अडचण गाण्यापर्यंत पोचायच्या आधीच यायची. ती म्हणजे नाव. ‘आंधळा मारतो डोळा’पर्यंत ठीक होतं, डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय म्हणून खपायचं. पण 1978 ला ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ आणि 1982 ला ‘आली अंगावर’ आल्यावर घरात सांगायचं काय? “आई, जरा जाऊन येतो.” “कुठं?” “सिनेमाला.” “कुठला?” यावर गावानं आपोआप एक तोडगा काढला. चित्रपटाचं नाव कुणी घेईनासंच झालं. “दादांचा लागलाय.” एवढं पुरे. आईही पुढं विचारायची नाही. कुठला विचारलं तर पोरगं सांगेल, ही भीती आईला जास्त. आणि तिकीटबारीवर तर नुसती दोन बोटं दाखवायची. बारीवरचाही वर न बघता दोन फाडायचा.

दादांची खुबी अशी की पडद्यावरच्या त्यांच्या भोळ्या माणसाला स्वतःच्या बोलण्याचा दुसरा अर्थ कधीच कळलेला नसायचा. नाडी लोंबतेय, तोंड उघडं आहे, आणि तो खरोखरच गाय, शेत, पाऊस याबद्दल बोलतोय. हसला तो प्रेक्षक, म्हणजे घाणेरडा तो प्रेक्षक. सेन्सॉरशी दादांचे खटके उडायचे हे जगजाहीर आहे, पण सेन्सॉरची अडचण माझ्या मते समजून घेण्यासारखी होती. ओळ कापायची तर ती का कापली ते कागदावर लिहावं लागतं. आणि एकदा का अधिकाऱ्यानं तो अर्थ स्वच्छ सरकारी मराठीत लिहिला, की तो दादांचा राहत नाही, अधिकाऱ्याचा होतो. खाली सही, शिक्का, तारीख.

गाणी उषाताई मंगेशकरांबरोबर गायची ती महेंद्र कपूर यांनी. जन्म अमृतसरचा, आवाज खणखणीत. ‘उपकार’ची देशभक्ती त्यांच्याच गळ्यातून आली. त्यामुळं आमच्या लहानपणी 15 ऑगस्टला शाळेच्या भोंग्यावर आणि त्याच रात्री कुणाच्यातरी वरातीत एकच माणूस गाताना ऐकू यायचा. सकाळी मातृभूमी, रात्री ढग, विहीर आणि शेजारीण. दोन्हीकडं तळमळ तेवढीच. कपूरसाहेबांना मराठी ओळींमधला किती अर्थ समजावून सांगितला जात असेल, हा आमच्या गाड्यावरचा एक जुना वाद आहे. आण्णांचं मत ठाम आहे: “काय सांगितलं नसंल. सांगितलं आसतं तर इतकं सरळ म्हणताच आलं नसतं.”

पुरुषांची ही सगळी पंडिताई चहाच्या गाड्यापुरती. या शास्त्रात बायका फार पुढं आहेत आणि त्यांनी ते कधीच कबूल केलेलं नाही.

आमच्या गल्लीत कांड्या भरून देणारी एक मावशी आहे. उभा ताणा बीमवर असतो, आडवा धागा धोट्याच्या पोटातल्या कांडीवर, आणि त्या कांड्या भरायचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केलं. हळदीच्या रात्री पुरुष बाहेर हाकलले की आत कोडी सुरू होतात. कोडं असं असतं की नव्या नवरीनं पदर तोंडात धरावा, आणि उत्तर निघतं कुलूप-किल्ली, सुई-दोरा, जातं. या मावशीचं घरचं, मागवाल्यांचं कोडं आहे: “भरल्या पोटी आत शिरतो, आतच सगळं सोडून रिता होऊन बाहेर येतो, आन् पुन्हा भराय बायकूच लागती. कोण?” हलकल्लोळ होतो. कुणी नाव घेत नाही, कुणाच्या डोळ्यांतून पाणी येतं, एखादी म्हातारी ‘चल, चावट कुठली’ म्हणते. मावशी पाणी पिऊन सगळ्यांकडं दुखावल्यागत बघते. “आगं, धोटा. तुमाला काय वाटलं?”

‘तुम्हाला काय वाटलं’ या तीन शब्दांत सगळी गंमत आहे. 1993 ला ‘खलनायक’मधल्या चोळीच्या गाण्यानं देशभर गहजब झाला, घराघरांत वडीलमंडळींनी उठून टीव्ही बंद केला. मावशीला त्यात नवल वाटलं नाही. एक बाई प्रश्न विचारते, दुसरी उत्तर देते आणि उत्तर निघतं काळीज. हळदीचं कोडं, फक्त वाद्यं महाग.

मावशीच्या कोड्यावर अलीकडं एक संकट आलंय. गावात शटललेस माग आले, रेपियर आले, एअरजेट आले. त्यांना धोटा नसतो, धागा कुठं रेपियरच्या पकडीनं तर कुठं हवेच्या झोतानं पलीकडं जातो. कांड्या भरायचं कामही गेलं. गेल्या वर्षीच्या हळदीत कोडं घातल्यावर एका कॉलेजातल्या मुलीनं खरंच विचारलं, “मावशी, धोटा म्हणजे काय?” तिला दुसरा अर्थ तेवढा कळला, तो ज्याच्या आड लपवला होता ती वस्तूच भंगारात गेलेली. मावशी म्हणाली, “आता ह्यो नुसता वंगाळपणा झाला,” आणि तिनं ते कोडं बंद केलं.

कोडं गेलं तरी मावशीचं भारूड शाबूत आहे. नाथांचं ते भारूड, ज्यात एक बाई भवानीला नवस बोलते: सासऱ्याला उचल, सासूला उचल, जाऊ, नणंद, नणंदेचं पोर, कुणालाच ठेवू नकोस, मला एकटीला सुखानं राहू दे. कीर्तनकार सांगतात, ही सगळी विकारांची नावं आहेत, जीवाला एकांत हवाय, इथं अध्यात्म आहे. निश्चितच आहे. पण गल्लीतल्या सुना हे भारूड ज्या जोमानं म्हणतात, ‘सासू’ला ज्या एकमुखानं आवाज चढतो आणि टाळ्या पडतात, तो जोम निव्वळ मोक्षाचा नाही. समोर सासू बसलेली असते. तीही टाळ्या वाजवते, कारण तिनं तिच्या काळी हेच म्हटलेलं असतं. जगात चावट अर्थ सोज्वळ शब्दांत लपवणारे पुष्कळ झाले. नाथांनी मोक्ष भांडणात लपवला आणि चारशे वर्षं दोन्ही बाजूंचं गिऱ्हाईक टिकवलं. गाथासप्तशतीचा हालही पैठणचाच आणि नाथही पैठणचेच, तेव्हा दोष गोदावरीच्या पाण्याचा असावा. पंचगंगेला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

शाळांची स्नेहसंमेलनं हा तर वेगळाच प्रांत. घोरपडे नाट्यगृहात एका शाळेच्या तिसरीतल्या मुली नऊवारी नेसून लावणीवर नाचायच्या होत्या. बाईंना ऐनवेळी शब्दांची शंका आली. त्यांनी खबरदारी म्हणून रेकॉर्डऐवजी मुलींकडूनच गाणं म्हणवून घेतलं आणि ‘राया’ होतं तिथं सगळीकडं ‘बाबा’ घातलं. अर्थ पूर्वी नुसता चावट होता, तो आता चौकशी समितीपर्यंत जाण्याजोगा झाला. सभागृहातल्या यच्चयावत बाबांनी एकदम कार्यक्रमपत्रिकेत डोकं घातलं. प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि भाषणात ‘वडील-मुलीच्या नात्यावरचं सुंदर गीत’ असा उल्लेख केला. हा माणूस पुढं राजकारणात वर जाणार, असं गुरुजी त्याच दिवशी म्हणाले.

कायद्याचं मत विचाराल तर तो या बाबतीत बराच समजूतदार आहे. जुन्या दंडसंहितेचं कलम 294, आता 2024 पासून न्यायसंहितेचं 296: सार्वजनिक जागी अश्लील गाणं म्हटल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. मात्र त्या गाण्यानं कुणाला तरी त्रास व्हायला हवा. आमच्याकडं वरात निघाली की वाहतुकीचा त्रास होतो, आवाजाचा होतो, गाण्याचा त्रास झालेला माणूस अजून पोलिसांना सापडायचाय. सापडला तरी त्याला जबाबात त्रास कशाचा झाला ते सविस्तर सांगावं लागेल, आणि तिथं परत सेन्सॉरच्या अधिकाऱ्याची गोष्ट.

वरातीचाच विषय निघालाय तर मागच्या हंगामातली एक सांगतो. मागांवर आता उत्तर प्रदेश, बिहारकडची बरीच पोरं आहेत. त्यांच्या मोबाईलमधून भोजपुरी गाणी शेडमध्ये आली, शेडमधून रिक्षात, रिक्षातून डीजेवर. ठेका असा की पाय आपसूक उचलतो, आणि शब्द कुणालाच कळत नसल्यानं गाणं घरगुती समारंभाला अतिशय सोयीचं. शेठच्या थोरल्या मुलीच्या लग्नात असंच एक लागलं. नवऱ्याच्या दोन्ही आत्या, शेठ, शेठचे व्याही, पाचवीतली पोरं, सगळी एका ओळीत नाचत होती. गाणाऱ्या बाईचा आवाज आणि मधेच येणारे हुंकार ऐकून मला थोडी शंका आली, पण मी कार्यक्रमपत्रिकेत डोकं घातलेल्या बाबांच्या पिढीतला. गप्प राहिलो.

आण्णांच्या हाताखालचा बिहारकडचा पोरगा मात्र जनरेटरच्या गाडीमागं जाऊन उभा होता. मान खाली, कानाच्या पाळ्या लालबुंद. सगळ्या मिरवणुकीत ते गाणं ऐकणारा तो एकटाच.

मावशी नाचता नाचता थांबली, त्याच्याजवळ गेली आणि घाम पुसत म्हणाली, “काय रं बाळा, गाणं तुमच्याकडचं न्हवं? म्हणतीया काय ती?”

पोरानं मावशीकडं बघितलं, आत्यांकडं बघितलं, कमरेवर हात ठेवून गिरकी घेणाऱ्या शेठकडं बघितलं.

“देवीचा गाना हाय, मौसी. नवरात्रीचा.”

मावशीनं भक्तिभावानं हात जोडले. मग आण्णांना म्हणाली, “पोरगं तयार झालं हो तुमचं,” आणि नवऱ्याच्या आईचा हात धरून तिला मधोमध ओढून घेऊन गेली.